हात जोडून उभा आहे, तो कोण?

वाचकांचे प्रश्न : जुनं लाकूड

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं हिमालयातल्या जुन्या लाकडी मूर्तींबद्दल निघाली. म्हणून पितळेची भांडी आणि वाड्याचे दरवाजे पुढच्या अंकावर टाकते. माझं लहानपण रत्नागिरीकडे वडिलांच्या सुतारकामाच्या भुशात गेलं आणि पुढची छत्तीस वर्षं संग्रहालयात लाकूड जतन करण्यात गेली. त्यात कर्णालीच्या डोंगरात दोनदा पायी हिंडणं झालं. या मूर्तींवर माझा जीव आहे, त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलं तर चालवून घ्या.

प्रश्न : ताई, माझे वडील १९७४ ते १९७८ नोकरीनिमित्त काठमांडूला होते. येताना त्यांनी बाजारातून एक लाकडी मूर्ती आणली. दीड हात उंच, हात जोडलेले, चेहरा जवळजवळ पुसलेला, डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत मोठी चीर. आईने ती देव्हाऱ्याशेजारी ठेवली होती, रोज हळदकुंकू वाहायची. गेल्या वर्षी आई गेली. घरी आलेले गुरुजी म्हणाले, खंडित मूर्ती घरात ठेवू नये, गोदावरीत सोडा. शिवाय पावसाळ्यापासून बुडाशी पांढरी भुकटी पडते आहे. हा देव कोणता? ठेवू की सोडू? फोटो सोबत पाठवते.
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : आधी हे सांगते, म्हणजे तुमच्या जिवाला स्वस्थता येईल : नदीत सोडू नका. गुरुजींचं म्हणणं चुकीचं नाही, पण ते प्राणप्रतिष्ठा केलेल्या, पूजेत असलेल्या देवाच्या मूर्तीला लागू. तुमच्या घरात आहे तो देव नव्हेच.

तुम्ही पाठवलेले चारही फोटो मी मोठे करून पाहिले. हातात शस्त्र नाही, पायाशी वाहन नाही, अंगावर दागिना नाही. डोक्याला टोपी किंवा पागोट्यासारखा फुगवटा आहे, कमरेखाली अंगरख्याच्या उभ्या चुण्या आहेत, आणि हात छातीशी जोडलेले. मारुती आणि गरुड सोडले तर देव कशाला कोणाला हात जोडेल? हात जोडतो तो भक्त. तुमच्या आईने इतकी वर्षं ज्याला हळदकुंकू वाहिलं तो स्वतःच कोणाच्या तरी दर्शनाला उभा होता.

अशा मूर्ती येतात पश्चिम नेपाळातून, मुख्यतः कर्णाली नदीच्या खोऱ्यातून. जुम्ला, मुगू, हुम्ला, कालिकोट, दैलेख, जाजरकोट हे जिल्हे. काठमांडूच्या नेवार कारागिरांनी देवळांचे टुँडाल, म्हणजे छपराचे तिरके टेकू, कोरले. त्यांची नजाकत वेगळी. कर्णालीतलं काम राकट आहे. सबंध ओंडका घ्यायचा, वाकसाने, म्हणजे आडव्या पात्याच्या कुऱ्हाडीने, चार बाजूंनी छिलायचा, पटाशीने नाक-डोळे उठवायचे आणि थांबायचं. पॉलिश नाही, रंगही बहुधा नाही. गावच्याच माणसाने, शेतीच्या कामातून वेळ काढून केलेलं काम ते.

तिथं घराघराचं कुलदैवत म्हणजे मष्टो. हा एक नव्हे, बारा भाऊ मानतात : खापर मष्टो, दाढे मष्टो, कवा मष्टो, बुडू मष्टो असे. त्यांच्या बहिणी नऊ दुर्गाभवानी. मष्टोचं ठाणं, ज्याला तिकडे थान म्हणतात, ते बहुतेक वेळा देवळासारखं देऊळ नसतं. दगडांची एक खोली, आत घंटा, त्रिशूळ, कापडाच्या पट्ट्या. मष्टोला रूप नाही. तो बोलतो धामीच्या तोंडून. पौर्णिमेला लोक जमतात, धामीच्या अंगात येतं, आणि कोणाची म्हैस का मेली इथपासून कोणाचा तंटा कसा मिटवायचा इथपर्यंत सगळं त्याला विचारतात. आपल्याकडे भगताच्या अंगात येतं ते पाहिलेल्या माणसाला जुम्ल्यातल्या त्या ठाण्यात परकं वाटत नाही. मला तरी वाटलं नाही. फरक एवढा की धामीची केसांची जट कापत नाहीत आणि ती चांदी-सोन्याच्या कड्यांत बांधलेली असते.

आता जिथं देवालाच मूर्ती नाही, तिथं लाकडी माणसं कोणाची? ठाण्याच्या दाराशी, छपराच्या कडेला, पाणवठ्यावर आणि लाकडी पुलाच्या तोंडाशी ती उभी केलेली असतात. पुलावरचा राखणदार. ठाण्यासमोरचा भक्त, म्हणजे ज्याने नवस फेडला त्याच्या वतीने बारा महिने हात जोडून उभा राहणारा. पाणवठ्यावरचा बहुधा त्या घरातल्या गेलेल्या माणसाची आठवण. एकच लाकूड, जागा बदलली की नातं बदलतं. म्हणून अशी मूर्ती तिच्या जागेवरून उचलली की तिचं अर्धं नाव गेलं, असं मी मानते. तुमचा भक्त कोणत्या ठाण्यासमोर उभा होता हे आता त्याला पाहून कळणार नाही. वडिलांच्या जुन्या वह्या, पत्रं, पावत्या असतील तर त्या मात्र चाळून बघा. दुकानाचं नाव, एखाद्या गावाचं नाव, काहीही. सापडलं तर ते त्या लाकडाइतकंच मोलाचं आहे, मूर्तीसोबत पाकिटात ठेवा.

जुम्ल्याजवळ एका धाऱ्यावर, म्हणजे दगडी पाणवठ्यावर, मी असा एक जण अगदी जवळून पाहिला आहे. उंची साधारण अडीच हजार मीटर, सकाळचं ऊन नुकतंच उतरत होतं, बायका तांब्याच्या गागरी भरत होत्या. तो दगडांच्या खाचेत रोवलेला, गुडघ्यापर्यंत शेवाळलेला. मी त्याच्या डोक्याकडे वाकून पाहिलं. माथ्यावर लाकडाची वर्तुळं स्पष्ट उमटली होती, पण सपाट नव्हेत; एक वळ उंच, एक खोल, एक उंच, एक खोल. पाइन-देवदाराच्या जातीच्या झाडात वसंतात वाढलेलं लाकूड मऊ असतं आणि हंगामाच्या शेवटी वाढलेलं कठीण. पावसाने मऊ तेवढं नेलं, कठीण तेवढं ठेवलं. वडील आम्हाला शिकवायचे की लाकूड पाणी पितं ते टोकाने, अंगाने नाही. उभ्या मूर्तीचं टोक म्हणजे तिचा माथा. म्हणून माथा आधी झिजतो, मग पुढे आलेलं नाक, मग कपाळ. हनुवटीखाली मात्र पावसाचा थेट मारा कमी, म्हणून जोडलेले हात टिकतात. तुमच्या फोटोत नेमकं हेच दिसतं आहे. चेहरा गेला आणि हात राहिले. याला मोडतोड म्हणू नका. तो किती पावसाळे त्या जागी उभा होता त्याचा हिशोब आहे हा.

खांद्यापासूनच्या चिरेचंही तसंच. सबंध ओंडक्यातून, गाभ्यासकट कोरलेली मूर्ती वाळताना गाभ्यापर्यंत तडकणारच. तुमच्या चिरेच्या कडा गोलावल्या आहेत आणि आतला रंग बाहेरच्यासारखाच करडा आहे, म्हणजे चीर जुनी. ती बुजवू नका. लाकडाचा भुसा आणि गोंद, मेण, एम-सील, काही म्हणजे काही भरू नका. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा चिरेला मिटायला जागा हवी असते; भरून टाकलीत तर शेजारी दुसरी पडेल.

आता भुकटी. याला मात्र उशीर नको. मूर्तीखाली काळा कागद घाला आणि आठवडाभराने पाहा. पडलेलं मैद्यासारखं बारीक असेल तर भुंगेऱ्याची अळी आत आहे. खसखशीसारखे गोल-लांबट दाणे असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. भोकंही पाहा : आतून काळपट, कडा बोथट, तर कीड केव्हाच निघून गेली आहे, आतून स्वच्छ पिवळट, कडा धारदार, तर ती आत्ता जिवंत आहे. काही वेळा किडीने सोडलेलं जुनंच पीठ, मूर्ती हलवली की झडतं. म्हणून आधी कागद, मग निर्णय.

कीड जिवंत निघाली तर रॉकेल, टर्पेंटाइन, बाजारातलं फवारायचं औषध यातलं काही लावू नका. डाग पडतो, आणि खोलवरची अळी मरतेच असं नाही. संग्रहालयात आम्ही वस्तू गोठवतो. जाड प्लास्टिकमध्ये मूर्ती मऊ सुती कापडासह घट्ट बंद करायची, हवा शक्य तितकी काढायची, आणि उणे अठरा-वीस अंशांना दोन आठवडे ठेवायची. घरच्या फ्रीजरमध्ये दीड हात मूर्ती मावणार नाही. ओळखीच्या दुकानदाराचा आइस्क्रीमचा डीप फ्रीजर मिळाला तर होतं. बाहेर काढल्यावर पुढचा पूर्ण दिवस प्लास्टिक उघडायचं नाही, नाहीतर हवेतलं पाणी थंड लाकडावर जमतं. मात्र तुमच्या मूर्तीला मोठी चीर आहे, म्हणून माझा आग्रह आहे की हे स्वतः करण्याआधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला जतन केंद्रात फोटो दाखवून विचारा. तोवर मूर्ती घरातल्या बाकीच्या लाकडी सामानापासून दूर ठेवा.

आणि पुसू नका. हे मी हात जोडून सांगते आहे. शिकाऊ असताना नेपाळच्या मधल्या डोंगरातला एक लाकडी मुखवटा माझ्या हाती दिला गेला. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात टांगलेला, डांबरासारखा काळा. मी दोन दिवस बसून कापसाच्या बोळ्यांनी त्याचं कपाळ स्वच्छ केलं, खालचं लाकूड छान तांबूस निघालं, मला फार आनंद झाला. माझ्या वरिष्ठांनी मी टाकलेले बोळे उचलून भिंगाखाली धरले. काजळीच्या थरांत तांदळाचे कण होते. दर सणाला लावलेला टिळा, त्यावर धूर, त्यावर पुढच्या वर्षीचा टिळा. कपाळावर किती वर्षांची पूजा एकावर एक बसली होती ती मी पुसून टाकली होती, आणि ती परत लावता येत नव्हती. ते बोळे मी कितीतरी वर्षं डबीत ठेवले होते.

म्हणून तुमच्या आईचं हळदकुंकूसुद्धा राहू द्या. फोटोत बोटांपाशी ते दिसतं आहे. कर्णालीत कोणीतरी त्याला उभं केलं, मग बाजार झाला, मग नाशिकमध्ये एका बाईने चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याला आपलं मानलं. तेही त्याच्या अंगावर लिहिलेलं आहे. फक्त इथून पुढे नवं कुंकू, तेल, शेंदूर, अभिषेक नको. ओलाव्याने आणि तेलाने कीड आणि बुरशी दोन्ही येतात. फूल वाहायचं तर समोर वाटीत ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, थेट जमिनीवर ठेवू नका, ऊन आणि एसीचा झोत दोन्ही टाळा. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशने वरची धूळ झटका. एवढंच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगणं भाग आहे. नेपाळात प्राचीन वस्तूंचा कायदा १९५६ पासून आहे आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला मनाई आहे. त्या काळात परदेशी पाहुणे आणि नोकरदार अशा वस्तू सर्रास बाजारातून घेऊन येत. तुमच्या वडिलांना यात काही वावगं आहे हे ठाऊकही नसेल. त्यांना दोष देऊ नका. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायदा आहे. त्याखाली शंभर वर्षांपलीकडच्या लाकडी मूर्तींची नोंदणी करावी लागते. आपल्या भागातल्या पुरातत्त्व नोंदणी अधिकाऱ्याकडे फोटो आणि मापं घेऊन जा. कसं आलं ते खरं सांगा.

आणि मन झालं तर परत पाठवण्याचाही विचार करा. न्यूयॉर्कच्या रूबिन संग्रहालयाने २०२२ मध्ये दोन लाकडी कामं नेपाळला परत केली : काठमांडूच्या इतुम बहाल या बौद्ध विहारातली चौदाव्या शतकातली हार धरलेली उडती अप्सरा, आणि काठमांडूशेजारच्या पाटणच्या यम्पी महाविहाराच्या सतराव्या शतकातल्या तोरणाचा वरचा भाग. ती कुठली हे नक्की ठाऊक होतं, म्हणून परत करता आली. तुमच्या भक्ताची जागा ठाऊक नाही, पण दिल्लीतल्या नेपाळी दूतावासामार्फत तिथल्या पुरातत्त्व विभागाला कळवता येतं. हे करायलाच हवं असं मी म्हणत नाही. आईची आठवण आहे, घरात सगळ्यांनी बसून ठरवा.

प्रश्न : मी पुण्यात राहतो, जुन्या वस्तूंची आवड आहे. ऑनलाइन एक 'हिमालयन ट्रायबल शमन मूर्ती' विकायला आहे. ५०० वर्षं जुनी म्हणतात, सोबत कार्बन डेटिंगचं सर्टिफिकेट, किंमत ८५,००० रुपये. फोटो पाठवतो. घेऊ का?
— एक तरुण वाचक

उत्तर : नको.

कारणं सांगते. पहिलं त्या शब्दांबद्दल. 'ट्रायबल' हा दुकानदाराचा शब्द आहे. पश्चिम नेपाळातल्या या मूर्ती पुष्कळशा खस लोकांच्या आहेत. ते शेतकरी, मष्टोचे भक्त, त्यांचीच भाषा पुढे नेपाळी म्हणून देशभर गेली. जुम्ल्याचं सिंजा खोरं हे त्या भाषेचं माहेर. नेपाळ ज्यांना आदिवासी जनजाती म्हणतो त्या यादीत मगर, गुरुङ, तामाङ, राई, लिम्बू आहेत, खस नाहीत. मगर आणि तामाङांकडेही सुंदर लाकूडकाम आहे, पण ते वेगळं : झाँक्रीच्या, म्हणजे तिकडच्या भगताच्या, ढ्याङ्ग्रो ढोलाची कोरीव मूठ, मुखवटे. ज्याला वस्तू कोणाची हे सांगता येत नाही, तो 'ट्रायबल' म्हणतो. तुमच्या जाहिरातीत गाव नाही, जिल्हा नाही, समाज नाही. फक्त हिमालय.

अशा जाहिरातींत मी एकदा रवी खांबाशी धरून ठेवणारा कोरीव तुकडा 'पूर्वजांची मूर्ती' म्हणून पाहिला आहे. नेपाळात त्याला घुर्रा म्हणतात. मधे रवीसाठी भोक, वर फुलं-पक्षी कोरलेले, ताक घुसळून घुसळून गुळगुळीत झालेला. आपल्या आजीच्या घुसळखांबाशी त्याचं नातं. वस्तू देखणी आणि खरी होती, पण ती देव नव्हती. कोणा घरातल्या लोण्याची होती.

दुसरं, सर्टिफिकेट. कार्बन चाचणी सांगते ते झाडाचं ते वर्तुळ केव्हा वाढलं ते. कोरलं केव्हा, हे ती सांगत नाही. पडक्या घराची जुनी तुळई आणायची, परवा त्यातून मूर्ती काढायची, आणि चाचणीला द्यायची; उत्तर खरं येईल आणि मूर्ती खोटी असेल. शिवाय साधारण १६५० नंतरच्या लाकडाला ही चाचणी एक तारीख देऊच शकत नाही, दोन-तीन वेगवेगळे कालखंड देते, त्यातला विकणाऱ्याने सगळ्यांत जुना छापला असेल. चाचणीचा पक्का उपयोग एकच : १९५५ नंतर वाढलेलं लाकूड असेल तर अणुबाँबच्या चाचण्यांनी हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनमुळे ते लगेच पकडलं जातं. याचा अर्थ चाचणी वाईट असा नाही. काठमांडू खोऱ्यातल्या काही टुँडालांच्या बाबतीत याच चाचणीने अभ्यासकांना चकित केलं, समजत होते त्याहून कित्येक शतकं जुने निघाले ते. पण ते टुँडाल रुंद छपराखाली, सुकलेले, आपल्या जागी होते. पावसात उभं राहिलेलं पाइनचं लाकूड पाचशे वर्षं नाकीडोळी नीट राहत नाही.

आता तुमचे फोटो. पाठीवर कमानीसारख्या समांतर रेघा दिसतात का? त्या गोल करवतीच्या आहेत, म्हणजे यंत्राच्या. वाकसाचा घाव वेगळा असतो, शिंपल्याच्या आतल्या भागासारखा उथळ, आणि दोन घाव कधी सारखे नसतात. काळेपणा सगळीकडे एकसारखा आहे, काखेतसुद्धा, तळपायाखालीसुद्धा. धूर असा बसत नाही. तो वरच्या कडांवर दाट आणि खाचांत विरळ बसतो, आणि हात लागतो तिथे लाकूड चमकतं. हा बूट पॉलिशसारखा काळा आहे. कापूस थिनरमध्ये बुडवून तळाशी फिरवला तर उतरेल असं मला वाटतं. आणि झीज पाहा : चेहरा घासलेला आहे, माथा मात्र ताजा आहे. पाऊस माथा सोडून चेहऱ्यावर पडला का? चिरेच्या आतलं लाकूडही फिकं आहे.

समजा, माझी नजर चुकली आणि ती खरीच जुनी निघाली. मग गोष्ट आणखी वाईट. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार करायला आपल्याकडे परवाना लागतो, वस्तूची नोंदणी लागते, मालकी बदलली की कळवावं लागतं. यातलं एकही कागदपत्र जाहिरातीत नाही. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा १९७० चा करार नेपाळने १९७६ मध्ये आणि भारताने १९७७ मध्ये मान्य केला. म्हणजे उद्या ती एखाद्या ठाण्यासमोरून उचललेली निघाली तर ८५,००० रुपये देऊन तुम्ही दुसऱ्याच्या गावचा नवस विकत घेतलेला असेल. अशा मूर्ती कोणी स्वखुशीने विकत नाहीत हो. रात्री येऊन उचलतात. सकाळी पाण्याला गेलेल्या बायांना दगडांतली रिकामी खाच दिसते.

तुमची आवड खरी आहे, ती मला तुमच्या पत्रात दिसली. म्हणून एक सुचवते. त्यातल्या थोड्या पैशांत नेपाळातल्या पाटणला जा. तिथून जवळच बुंगमती गाव आहे, घरोघरी लाकूड कोरणारे लोक आहेत. दाराशी बसून काम बघा, हवं ते नवं घ्या, कोणी कोरलं आणि केव्हा ते त्याच्याकडूनच मागे लिहून घ्या. जुनं नसलं तरी त्याची जन्मकथा तुम्हाला पूर्ण ठाऊक असेल.

प्रश्न : मी डोंबिवलीत शिक्षिका आहे. मे महिन्यात आम्ही आठ जणी हिमाचलला जातो आहोत. जुनं लाकडी देवकाम त्याच्या जागी कुठे पाहायला मिळेल?
— एक वाचक

उत्तर : किती छान प्रश्न. मनालीला तुम्ही जाणारच, तर हिडिंबा देवीच्या देवळाचा दरवाजा घाईत पाहू नका. देऊळ १५५३ चं आहे. बहुतेक पर्यटक दाराला पाठ करून फोटो काढतात. तुम्ही दाराकडे तोंड करून दहा मिनिटं उभ्या राहा, चौकटीवरची एकेक आकृती वाचा.

वेळ काढता आला तर अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरून चंद्रभागेच्या काठी उदयपूरला जा. मृकुला देवीचं देऊळ बाहेरून अगदी साधं आहे. आत मान वर करा. लाकडी छतावर समुद्रमंथन आहे, महाभारत आहे, आणि बुद्धावर चाल करून आलेला मारही आहे. हिंदू आणि बौद्ध दोघंही तिथं डोकं टेकवतात. टॉर्च न्या, पण फ्लॅश नको.

सगळ्यांत जुनं पाहायचं तर चंबा जिल्ह्यात भरमौर. गद्दी धनगरांचा हा मुलूख. लक्षणा देवीच्या देवळाचा लाकडी दर्शनी भाग साधारण सातव्या शतकातला, राजा मेरुवर्मन याच्या काळातला. त्याच्या कारागिराचं नाव गुग्गा, हेही आपल्याला ठाऊक आहे, कारण आतल्या धातूच्या मूर्तीवर ते कोरलेलं आहे. तेराशे वर्षं देवदार टिकला तो पुढे आलेल्या छपरामुळे. नाशिकच्या ताईंच्या मूर्तीला छप्पर नव्हतं, एवढाच फरक. एक लक्षात ठेवा, कुल्लूच्या बाजूला देवाच्या रथावर जे चेहरे दिसतील ते लाकडाचे नसतात, धातूचे असतात. त्यांना मोहरा म्हणतात, आणि देवाच्या वतीने बोलणाऱ्याला गूर. मोहऱ्यांना हात लावू नका, रथ दिसला की बाजूला होऊन वाट द्या.

आणि मेपर्यंत थांबायचं नसेल तर डोंबिवलीहून डहाणू-जव्हारची वाट लांब नाही. वारल्यांच्या पाड्यांच्या शिवेवर वाघदेव असतो : लाकडाची उभी फळी, तीवर वाघ, सूर्य आणि चंद्र कोरलेले, वर शेंदूर. पावसात उभा, माथा झिजलेला. वाघबारशीला त्याची पूजा होते. तिकडे दूर विदर्भात मेळघाटाच्या अंगाला कोरकू लोक सिडोलीच्या विधीत आपल्या गेलेल्या माणसासाठी सागाचा कोरीव मुंडा रोवतात, त्यावर घोडेस्वार आणि चंद्रसूर्य. पाड्यावर गेलात तर आधी तिथल्या भगताला भेटा, त्याने जितकं जवळ जायला सांगितलं तितकंच जा, आणि काय पाहिलंत ते मला जरूर लिहा. वाघदेवाच्या माथ्यावरची वर्तुळं दिसली तर त्यांचा एक फोटोही पाठवा.